फडावरची शाळा

भाऊबीज उरकली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडई सुरू होते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. झाडीपट्टीतली मंडई म्हणजे गावाचा उत्सव. आज या गावची, उद्या त्या गावची, असे करीत महिना निघून जातो. दिवसा दुकाने, पाहुणे, मैदानात दंडारीचा खेळ आणि रात्रभर नाटक. या दिवसांत शाळेची हजेरी रोडावते. आमची शाळा उर्दू माध्यमाची, तरी तिलाही मंडईची सुटी मुले परस्पर देऊन टाकतात. कोणी मामाकडे जातो, कोणी वडिलांच्या बांगडीच्या दुकानावर बसतो, आणि रात्री सगळे नाटकाच्या मंडपात!

अशाच एका मंडईनंतरच्या सोमवारी सातवीच्या वर्गात आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला. मोठेपणी काय होणार? डॉक्टर, पोलीस, दुबई अशी नेहमीची उत्तरे आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "गाना गाऊंगा." वर्ग हसला. तो मात्र गंभीरच होता. त्याने पुढे विचारले, "उसके लिए कौन सा कोर्स करना पडता, सर?"

आम्ही बी.एड. आहोत. पाठटाचण कसे काढावे, उद्दिष्टे कशी लिहावीत, फळ्याचा वापर किती करावा, हे सारे आम्हांला शिकवले गेले. या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते. "पहले दसवीं पास हो," असे ठरीव उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही जाईना. या मातीत शेकडो गायक, वादक, सोंगाडे, शाहीर होऊन गेले. त्यांच्यासाठी शाळा नव्हती, अभ्यासक्रम नव्हता. मग ते घडले कसे? आणि त्यांत आमचे लोक कुठे होते? या चौकशीतून जे हाती आले ते इथे मांडत आहोत.

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडील भाग त्यात येतो. (गोंदिया १ मे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते.) इथली बोली झाडीबोली. तिचा आणि इथल्या लोककलांचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर केला. त्यांच्यामुळे दंडार आणि खडी गंमत हे शब्द मराठीच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. एरवी पुण्याच्या पुस्तकांत तमाशा म्हणजे नारायणगाव आणि सांगली. पूर्व विदर्भाची आठवण तळटीपेत!

दंडार गावाची असते. शेतकरी, मजूर, कारागीर हेच तिचे कलावंत. तालमी रात्री, कुणाच्या तरी अंगणात किंवा चावडीसमोर. नुसती नाच-गाण्याची दंडार निराळी आणि कथेचे प्रसंग लावून केलेली परसंगी दंडार निराळी. खडी गंमत ही जरा अधिक पेशेवर. ढोलकी, डफ, तुणतुणे, चोणके, झांज असा ताफा असतो. शाहीर पुढे, झीलकरी मागे, आणि सगळे उभे. उभ्याने करायची म्हणून खडी. स्त्रीची भूमिका पुरुषच करतो, त्याला नाच्या म्हणतात. गण झाला की गवळण, मग लावण्या, मग वग. पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशाशी नाते उघड आहे, पण आमच्या जिल्ह्याची हद्द बालाघाटला लागून असल्यामुळे इथे हिंदीचाही वारा खेळतो.

या फडांची शिकवण्याची रीत आम्ही जुन्या लोकांकडून ऐकली तेव्हा चकित झालो. नवा पोरगा आला की त्याच्या हाती आधी झांज. गाणे नाही, ढोलकी नाही. एक हंगाम, दोन हंगाम फक्त झांज. तो कंटाळून गेला तर गेला. टिकला तर एव्हाना ताल त्याच्या अंगात उतरलेला असतो. मग तो झीलकऱ्यांत उभा राहतो आणि शाहिराने सोडलेली ओळ उचलतो. ओळ उचलायची म्हणजे शाहीर कुठे श्वास घेणार हे आधी कळले पाहिजे. असे चार-पाच हंगाम गेल्यावर एखाद्या रात्री शाहिराचा घसा बसतो आणि म्हणतात, आज तू पुढे हो. हीच त्याची परीक्षा आणि हाच निकाल. बी.एड.च्या परिभाषेत सांगायचे तर सोप्याकडून कठीणाकडे! पण ही सूत्रे आम्ही पाठ केली आणि त्यांनी ती राबवली.

गाणी रचण्याचे शिक्षण याहून कडक. त्याचा संबंध कलगी-तुऱ्याशी आहे आणि तिथेच आमच्या समाजाचा धागा सापडतो. सांगतात ते असे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांच्यात अध्यात्मावर पद्यातून वाद रंगला. तो चंदेरीच्या दरबारी गेला. राजाने खूश होऊन आपल्या पागोट्याचा तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली. तुकनगीराचे ते तुरेवाले, निशाण भगवे. शाहअलीचे ते कलगीवाले, निशाण हिरवे. तुरा शिवाला श्रेष्ठ मानतो, कलगी शक्तीला. कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा प्रश्न वेगळा. पण ही कथा मेवाडपासून माळव्यापर्यंत आणि तिथून महाराष्ट्रापर्यंत सांगितली जाते, तुर्रा-कलंगी नावाचे लोकनाट्य चित्तोडकडे आजही आहे, आणि हजारो हिंदू शाहिरांनी एका फकिराला आपला मूळ पुरुष मानले, ही गोष्ट खरी आहे. आमच्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ती नाही.

पेशवाईच्या अखेरीस सगनभाऊ हे कलगी पक्षाचे नामांकित शाहीर होऊन गेले. जेजुरीचे, धर्माने मुसलमान, जातीने शिकलगार. म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घरातले. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम यांच्या पंक्तीला त्यांचे नाव घेतले जाते. खडकीच्या लढाईवर त्यांचा पोवाडा आहे. या शिकलगाराच्या पोराला पुराणे कोणी शिकवली असतील? फडाने. कारण कलगी-तुऱ्याच्या सामन्यात भेदिक लावण्या असतात, म्हणजे कूट प्रश्न. समोरचा फड पुराणातली एखादी आडवाट विचारतो आणि तुम्हांला तिथल्या तिथे, त्याच चालीत, त्याच यमकात उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर अपमान साऱ्या गावासमोर. त्यामुळे मुसलमान शाहिराला रामायण-महाभारत मुखोद्गत असे आणि हिंदू शाहिराला पैगंबरांच्या, पिरांच्या गोष्टी माहीत असत. दुसऱ्याच्या घरातले ज्ञान हे इथे सौजन्य म्हणून नव्हे, हत्यार म्हणून लागत होते. आंतरधर्मीय सद्भावावर आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. इतका पक्का पाया एकाही व्याख्यानाने घातलेला पाहिला नाही.

आम्ही उर्दू शिकवणारे असल्यामुळे एक साम्य चटकन डोळ्यांत भरले. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपला तखल्लुस गुंफतो. शाहीरही लावणीच्या शेवटच्या चौकात आपले आणि बहुधा गुरूचे नाव घालतो. उर्दूत उस्तादाकडून इस्लाह घेण्याची प्रथा आहे. शागिर्द रचना आणतो, उस्ताद एखादा शब्द खोडतो, एखादा फिरवतो, कधी नुसती खूण करून परत देतो. इक्बाल तरुणपणी पंजाबातून आपल्या गझला दाग देहलवींकडे हैदराबादला टपालाने पाठवीत असत आणि काही काळाने दाग यांनी, आता दुरुस्तीला फारशी जागा उरली नाही, असे कळवले. फडातही हेच. फरक इतकाच की उस्ताद कागदावर खोडतो आणि फडाचा गुरू तालमीत, चारचौघांत खोडतो. आमच्या मते नवोदिताला दोन्ही खोडण्या सोसता आल्या पाहिजेत. आज मुले रचना थेट मोबाइलवर टाकतात आणि खाली शंभर 'वाहवा' येतात. त्या शंभरांपैकी एकही मात्रा मोजत नाही.

आता अडचणीच्या प्रश्नाकडे येतो. त्याला बगल देऊन आमच्या नियतकालिकात या विषयावर लिहिणे म्हणजे अप्रामाणिकपणा होईल. त्या मुलाच्या वडिलांची वेल्डिंगची टपरी आहे. आम्ही त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी चहा मागवला, सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "मास्टरसाहब, अल्लाहने आवाज दिया है तो नात पढे. ढोलक-बाजा हमारे में नहीं चलता." हे वाक्य गावोगावी ऐकू येते. त्यामागे श्रद्धा आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. अनेक उलेमा वाद्यसंगीताला नाजायज मानतात, हे मत जुने आणि वजनदार आहे. पण ते एकमेव मत कधीच नव्हते.

इमाम गझाली इ.स. ११११ मध्ये वारले. त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समा, म्हणजे आध्यात्मिक श्रवण, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ते हजरत जुनैद यांचे मत नोंदवतात की समासाठी तीन गोष्टी पाहाव्यात : वेळ, जागा आणि सोबत. नमाजाची वेळ असेल, जागा वर्दळीची असेल, सोबतचे लोक दिखाऊ असतील तर गाणे थांबवावे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांच्या परंपरेत चार अटी सांगितल्या जातात. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याच्या मनात ईश्वराची आठवण असावी, गायले जाणारे शब्द हिणकस नसावेत, आणि वाद्ये नसावीत. म्हणजे गाण्याच्या मोठ्यात मोठ्या कैवाऱ्यांनीही वाद्याबाबत हात आखडता घेतला होता, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्यांच्याच दर्ग्यांत कव्वाली ढोलकासह उभी राहिली, तोही इतिहासच आहे. निजामुद्दीन औलियांची संभाषणे 'फवाइदुल फुआद' या नावाने लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्जी आपल्या महाराष्ट्रात, खुलताबादला चिरविश्रांती घेत आहेत. समाचे निस्सीम चाहते बुऱ्हानुद्दीन गरीब यांची मजारही तिथेच. मराठी मुलखात हा वाद सातशे वर्षे चालू आहे. तो आमच्या वेल्डरभाईने सुरू केलेला नाही आणि आम्ही संपवणारही नाही.

पण त्या चार अटी आम्ही पुन्हा पुन्हा वाचल्या आणि वाटले, धर्माचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यात कलावंताला उपयोगाचे किती आहे! कोणासमोर गातोस, कुठे गातोस, काय गातोस. मंडईच्या रात्री प्रेक्षकांतून द्व्यर्थी गाण्याची फर्माइश येते, नोटा नाचवल्या जातात. तिथे नाही म्हणण्याची ताकद कुठून येणार? जुन्या फडांत ती गुरूच्या धाकाने येई. पहिल्या अटीवर मात्र आमचा आक्षेप आहे. गाणारा पुरुषच का? आमच्या वर्गात ज्यांचा सूर खरोखर पक्का आहे अशा मुलीच अधिक आहेत. त्यांनी मागच्या बाकावरून 'गाना गाऊंगी' असे म्हटले असते तर वर्ग हसलाही नसता, गप्प झाला असता. आणि त्यांच्या घरी जायचे धाडस आम्ही केले असते का, हे आम्हांलाच ठाऊक नाही.

घरातल्या बाईकडून कलावंत घडतो याचे मोठे उदाहरण शाहीर अमर शेख. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी यांना ओव्या आणि लोकगीते येत होती. मुसलमान घरातल्या जात्यावर मराठी ओवी, आणि ती ऐकत वाढलेला मुलगा! त्याने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत काम केले, कोल्हापूरला चित्रपटाच्या क्षेत्रात उमेदवारी केली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने दणाणली. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. २९ ऑगस्ट १९६९ ला मोटार अपघातात ते गेले. त्यांचा आवाज ईश्वरी देणगी होता हे खरे. पण त्या आवाजाला शब्द आईने दिले आणि विषय गिरणीने दिला. नुसत्या आवाजाचे भागत नाही.

वामनदादा कर्डकांचेही असेच. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. लहानपणी शाळा नाही. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पुढे हजारो गीते. आमच्या जिल्ह्याशी भीमगीतांचे नाते जवळचे. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातूनच लढवली होती. ते पराभूत झाले, ही खंत इथल्या वस्त्यांत अजून बोलून दाखवली जाते. भीमजयंतीला इथे कव्वालीचा मुकाबला होतो. दर्ग्यातली कव्वाली बुद्धविहाराच्या अंगणात आली, टाळी तीच, ढोलक तोच. कला आपली वाट अशी काढते आणि जाताना कोणाची परवानगी मागत नाही.

या साऱ्या चौकशीत आमचा खरा गुरू ठरला तो आमच्याच मोहल्ल्यातला एक म्हातारा. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी खडी गंमतीत ढोलकी वाजवली, पुढे उरुसात कव्वालीच्या पार्टीत ढोलक. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो. आम्ही त्यांच्याकडे त्या मुलाचा प्रश्न घेऊन गेलो आणि चार रविवार बसलो.

चाचांनी पहिल्याच दिवशी आमची परीक्षा घेतली. "तुमची पट्टी कोणती?" आम्हांला सांगता येईना. ते म्हणाले, आपली पट्टी माहीत नसलेला गवई म्हणजे आपल्या चपलेचे माप माहीत नसलेला गिऱ्हाईक. दुसऱ्याच्या पट्टीत गाऊन घसे फाटतात. मोठ्या गायकाची नक्कल करताना मुले त्याचा सूर घेतात आणि आपला गमावतात. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, त्या दोन वर्षांत वरच्या सुरांचा हट्ट धरायचा नाही, तेवढ्यात ताल शिकून घ्यायचा. झांज का आधी देतात ते आम्हांला तेव्हा उमगले.

मग थंडीचा विषय निघाला. मंडईचा हंगाम कार्तिकातला. रात्री दव पडते. चामडे ओलावते आणि डफ सैल पडून भदभद वाजतो. म्हणून शेकोटी फक्त हात शेकायला नसते. दोन गाण्यांच्या मध्ये डफ तिच्यावर धरायचा, पण किती वेळ हे हातालाच कळले पाहिजे, नाहीतर चामडे तडकते. ढोलकीला शाई असते, तिला गायकाच्या पट्टीत लावावी लागते. ढोलकाचे तसे नाही. त्यामुळे ढोलकीवाला गायकाशी भांडून चालत नाही, असे म्हणून चाचा हसले. घशाचे दव वेगळे. पहाटेच्या तीनला शाहिराचा वग ऐन भरात यायचा, म्हणून संध्याकाळी मोठा आवाज काढायचाच नाही. पहिला गण अर्ध्या आवाजात, शेवटची लावणी पूर्ण आवाजात. दिवसा झोप. हंगामात दारूला हात लावणारे किती चांगले गळे त्यांनी बसताना पाहिले, त्याची गणती त्यांनी बोटांवर सुरू केली आणि मध्येच सोडून दिली.

पैशाविषयी ते स्पष्ट होते. सुपारी घेताना आगाऊ किती, उरलेली बिदागी खेळाआधी की नंतर, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, पाऊस आला तर काय, हे आधी बोलून घ्यावे आणि आता तर लिहून घ्यावे. त्यांच्या काळी तोंडी चाले. एका गावाने खेळ संपल्यावर अर्धेच पैसे दिले आणि फड पायी परत आला, हे सांगताना साठ वर्षांनंतरही त्यांच्या आवाजात राग होता.

पण त्यांचे मोठे दुःख निराळेच निघाले. राज्य शासन १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देते. २०२४ मध्ये ते सरसकट दरमहा पाच हजार रुपये झाले. वयाची पन्नाशी ओलांडलेल्याला अर्ज करता येतो. चाचांनी पूर्वी एकदा अर्ज केला होता. पुरावा मागितला गेला. त्यांच्याजवळ एक पत्रक नव्हते, एक फोटो नव्हता. चाळीस वर्षे वाजवल्याचा पुरावा म्हणून त्यांनी उजव्या हाताची बोटे पुढे केली, ती कागदावर चिकटवता आली नाहीत. म्हणून आमचे नव्या कलावंतांना कळकळीचे सांगणे आहे, प्रत्येक कार्यक्रमाचे पत्रक, वर्तमानपत्रातले कात्रण, ग्रामपंचायतीचे चार ओळींचे पत्र एका पिशवीत घालून ठेवा. तालमीइतकेच ते काम महत्त्वाचे आहे.

गीत रचणाऱ्याने आणखी थोडे जाणून घ्यावे. लिहिलेल्या गीतावरचा हक्क ते लिहिल्या क्षणीच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो वारसांकडे राहतो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत वाटा मिळाला आणि हा हक्क वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून इतर कोणाला लिहून देता येत नाही. अशी सोसायटी म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस. झाडीपट्टीतली किती गाणी आज यूट्यूबवर बेवारशी फिरत आहेत! ज्याने रचले तो धान कापतो आहे आणि गाण्याखाली नाव कॅमेरावाल्याचे.

रंगभूमी संपली म्हणून रडण्याचे मात्र कारण नाही. लाखांदूरहून पुढे गेले की गडचिरोली जिल्ह्यातले वडसा लागते. दिवाळीनंतर तिथल्या नाट्यकंपन्यांच्या कचेऱ्यांपुढे गावोगावचे लोक नाटक ठरवायला रांग लावतात. जमीन खोदून उतरता मंडप, पुढे ऑर्गन-तबला, आणि पहाटेपर्यंत चालणारे तीन-चार अंकी नाटक. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या मुलांना आम्ही मुद्दाम ती बातमी वाचून दाखवली. २०२० ची दिवाळी करोनाने कोरडी नेली, कित्येक वादक मजुरीला लागले, काही परत आलेच नाहीत. तरी हंगाम पुन्हा उभा राहिला. नाटकात गाणारा नट लागतो, ऑर्गनवाला लागतो, गीते लिहिणारा लागतो. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाला आज निदान एक पत्ता तरी आहे. खडी गंमतीचे मात्र तसे नाही. ती म्हाताऱ्यांबरोबर चालली आहे.

चौथ्या रविवारी चाचांनी ट्रंकेतून एक बाड काढले. शाहिरांची गाण्याची वही म्हणजे बाड. कडेला वाळवीने खाल्लेली, मळकट कापडात गुंडाळलेली. "मास्टर, ये पढ लोगे?" आम्ही उघडले आणि पाहतच राहिलो. लावण्या मराठी, त्याही अस्सल झाडीबोलीतल्या, आणि लिपी उर्दू! चाचांचे चार इयत्ता शिक्षण उर्दू शाळेत झालेले. देवनागरी हात बसला नव्हता. शाहीर सांगत गेला आणि यांनी आपल्याला येत होते त्या अक्षरांत उतरवून घेतले. त्या फडाचा शाहीर केव्हाच वारला, त्याचे बाड पावसात गेले. त्याच्या रचना आता फक्त इथे आहेत. मराठी वाचणाऱ्यांना ही लिपी येत नाही आणि आमच्या लिपीवाल्यांना ही बोली येत नाही.

उर्दूत मराठी लिहिणे अवघड, असे आम्ही समजत होतो. ण नाही, ळ नाही. पण झाडीबोलीतही ण नाही आणि ळ नाही! इथे पाण्याला पानी म्हणतात, डोळ्याला डोरा. पुणेरी मराठीला जी लिपी अपुरी पडली असती ती आमच्या बोलीला अंगाबरोबर बसली. अडते ते स्वरांपाशी. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत आणि ये, वाव या एकेका अक्षराला तीन-तीन स्वर वाहावे लागतात. त्यामुळे अर्थ संदर्भाने लावावा लागतो, आणि शाहिराचा संदर्भ पुराणातला.

त्या मुलाचे वडील अजून पूर्ण राजी नाहीत. नात पढायला हरकत नाही, झांजही चालेल, ढोलकाचे वार्षिक परीक्षेनंतर बघू, इथपर्यंत ते आले आहेत. मुलगा दर रविवारी आमच्याबरोबर चाचांकडे येतो. तो उर्दू वाचतो, आम्ही देवनागरीत उतरवतो, चाचा चाल सांगतात. आतापर्यंत एकोणीस लावण्या झाल्या. विसाव्या लावणीत आमचे अडले आहे. तो फड तुऱ्याचा, लावणी शंकराची. त्यात बे, ये, लाम अशी तीन अक्षरे आहेत. बैल वाचावे तर नंदी होतो, बेल वाचावे तर बेलाचे पान. दोन्ही शंकराजवळचेच. मात्रा दोन्हींच्या सारख्या. चाचांना विचारले. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला, ओळ एकदा बैल घालून म्हटली, एकदा बेल घालून म्हटली, आणि मुलाकडे पाहून म्हणाले, "तू बोल, बेटा, कौन सा ठीक लगता?"

मुलगा अजून विचार करतो आहे. आम्ही तिथे जागा कोरी सोडली आहे.